पवनचक्कीनं प्रदूषण होत नाही, मग लोक रस्त्यावर का बसतात?



आठवीच्या वर्गात ऊर्जेचा भाग चालू होता. फळ्यावर दोन रकाने आखले. एकीकडं कोळसा, डिझेल. दुसरीकडं सूर्य, वारा, पाणी. दुसऱ्या रकान्याखाली नेहमीचं वाक्य लिहिलं, 'प्रदूषण होत नाही'. कित्येक वर्षं हेच वाक्य लिहितोय, हाताला सवय झालीय. तेवढ्यात मधल्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, प्रदूषण होत नाही, मग माझा मामा पवनचक्कीच्या विरोधात रस्त्यावर का बसलाय?"

मामा धाराशिव जिल्ह्यातला. वर्गात हशा पिकला. मी म्हणालो, "पैशाचा काहीतरी वाद असेल," आणि पुढं सरकलो. संध्याकाळी रेणापूरहून निघालो तर लातूर-अंबाजोगाई रस्त्याच्या कडेला एक लांबलचक ट्रेलर थांबलेला. त्यावर पवनचक्कीचं एकच पातं. आपल्या शाळेच्या मैदानात मावणार नाही एवढं लांब. त्याच्याकडं बघता बघता लक्षात आलं, की आपण त्या लेकराला उत्तर दिलंच नाही, फक्त गप्प बसवलं. हा लेख म्हणजे ते राहिलेलं उत्तर आहे.

आधी वाऱ्याचं गणित

विरोध का होतो हे कळायला आधी कंपन्या आपल्या माळावर का आल्या ते कळलं पाहिजे. वाऱ्यापासून किती वीज मिळेल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं : पाती फिरताना केवढं वर्तुळ व्यापतात आणि वाऱ्याचा वेग किती. यातला वेग फार महत्त्वाचा, कारण वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ४ मीटरचा वारा ८ मीटरचा झाला तर शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. २ चा घन ८, एवढंच ते गणित. (यातली सगळी शक्ती मात्र काढता येत नाही. फार तर ५९.३ टक्के निघू शकते, हे जर्मन शास्त्रज्ञ अल्बर्ट बेट्झ यांनी १९१९ मध्येच दाखवून दिलं. प्रत्यक्षात मिळते त्याहूनही कमी.)

आता दुसरी गोष्ट. जमिनीलगत झाडं, घरं, बांध वाऱ्याला अडवतात. जसजसं वर जावं तसतसा वारा मोकळा होतो. म्हणून सुरुवातीला पवनचक्क्या समुद्रकाठी आणि डोंगरमाथ्यावर गेल्या. देशातले पहिले पवन ऊर्जा प्रकल्प १९८६ मध्ये उभे राहिले, त्यात गुजरातचं ओखा, तमिळनाडूचं तुतिकोरिन आणि आपलं रत्नागिरी होतं. पुढं साताऱ्याकडं वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारांवर त्यांची रांग लागली. त्या काळी पवनचक्कीवर पैसे घालणाऱ्याला आयकरात पहिल्याच वर्षी आधी १०० आणि नंतर ८० टक्के घसारा मिळायचा. त्यामुळं विजेशी काडीचा संबंध नसलेल्यांनीही पवनचक्क्या घेतल्या. वारा कुणाचा, डोंगर कुणाचा, आणि करसवलत कुणाला, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

मराठवाडा त्या वेळी या नकाशात जवळपास नव्हता. आपल्याकडचा वारा मध्यम. पण मनोरे उंच झाले आणि पाती लांब झाली. ८० मीटर उंचीवर मोजलं तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राची पवन ऊर्जेची क्षमता सुमारे ६,००० मेगावॉट धरली होती. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेनं १२० मीटर उंचीचा हिशेब केला तेव्हा तीच क्षमता सुमारे ९८,००० मेगावॉट निघाली. (या वाढीत मोजण्याच्या पद्धतीतल्या बदलाचाही वाटा आहे, नुसत्या उंचीचा नाही.) थोडक्यात, धाराशिव, बीड, लातूरकडच्या बालाघाटाच्या ज्या माळावर कुसळाशिवाय काही येत नव्हतं, त्या माळाला अचानक भाव आला.

पवनचक्की ढग पळवते का?

विरोधाची सगळीच कारणं खरी असतात असं नाही. शिक्षक म्हणून हे आधी सांगितलं पाहिजे.

२००० नंतरच्या दुष्काळी वर्षांत सातारा-सांगलीकडं एक समज पसरला, की या पवनचक्क्यांची पाती ढगांना ढकलून देतात, म्हणून पाऊस पडत नाही. लोक चिडले, चक्क्या बंद करा म्हणून मागणी झाली. शास्त्रज्ञांनी हे खोडून काढलं. कारण साधं आहे. पावसाळी ढग हजारो मीटर जाडीचे असतात आणि ते शेकडो किलोमीटर पसरलेल्या हवेच्या प्रवाहाबरोबर येतात. त्यांच्या मानानं शे-दीडशे मीटरचं यंत्र म्हणजे बैलगाडीपुढं मुंगी. माण, खटाव हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहेत, तिथं पाऊस पूर्वीपासूनच कमी. आणि १९७२ ला कुठं होत्या पवनचक्क्या? तेव्हा काय कमी दुष्काळ पडला?

पण लोकांना असं का वाटलं असेल, हेही बघा. पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि लगेच दोन-तीन वर्षं पाऊस रुसला. दोन गोष्टी एकामागून एक घडल्या की पहिलीमुळं दुसरी घडली असं मनाला वाटतं. शिवाय पवनचक्की येताना गावाला कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं. माहिती नसली की तिची जागा अफवा घेते. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यालेल्या लातूर जिल्ह्यात अशी अफवा पसरायला किती वेळ लागेल, तुम्हीच सांगा.

बरं, परिणाम अगदी शून्यही नाही. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात मोठ्या पवन प्रकल्पांवर उपग्रहाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा रात्री तिथल्या जमिनीचं तापमान आसपासच्या भागापेक्षा किंचित वाढलेलं दिसलं. पाती हवा ढवळतात, वरची उबदार हवा खाली येते. पण तापमानातला हा थोडासा फरक आणि पाऊस पळवून नेणं, यात फार अंतर आहे. चुकीचं कारण घेऊन आंदोलनाला बसलं की अधिकारी हसतात आणि आपली खरी कारणंही त्या हसण्यात वाहून जातात.

मग खरी कारणं कोणती?

तीन ठिकाणं सांगतो. तिन्ही महाराष्ट्रातली.

पहिलं, धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका. तिथं सुझलॉन कंपनीच्या पवनचक्क्यांसाठी वनखात्याची जमीन देण्यात आली. कागदावर ती जमीन 'वन' होती, पण तिच्यावर आदिवासी कुटुंबं पिढ्यानपिढ्या नांगर धरत होती. सातबारा नावावर नाही, म्हणून त्यांना विचारायचं कारण कुणाला वाटलं नाही. सत्यशोधक ग्रामीण कष्टकरी सभेनं हा प्रश्न लावून धरला. वनहक्क कायदा डिसेंबर २००६ मध्ये संसदेत मंजूर झाला तो अशाच लोकांसाठी, पण कायदा गावात पोचायच्या आत रस्ते आणि मनोरे पोचतात, हे साक्रीनं दाखवलं.

दुसरं, पुणे जिल्ह्यात भीमाशंकर अभयारण्याशेजारचे डोंगर. भीमाशंकर म्हणजे आपल्या राज्यप्राण्याचं, शेकरूचं घर. तिथं एनरकॉन कंपनीच्या पवन प्रकल्पाला सुमारे १९४ हेक्टर वनजमीन दिली गेली. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ समितीनं २०११ च्या अहवालात या प्रकल्पाची नोंद घेतली. स्थानिक वनाधिकाऱ्यानं इथं दाट सदाहरित जंगल आणि शेकरू आहेत, परवानगी देऊ नये असं कळवलं होतं, पण वरिष्ठांनी ते डावललं, असं समितीनं लिहिलं. डोंगरात निकृष्ट रस्ते खोदल्यानं दरडी आणि राडारोडा खालच्या शेतांत आणि जलाशयांत आला. कंपनीनं तपासणी नाकी लावली, आणि ज्या डोंगरांवर लोक पिढ्यान् पिढ्या फिरले तिथंच त्यांना अडवलं जाऊ लागलं.

लक्षात घ्या, पवनचक्कीचा धूर निघत नाही हे खरंच. पण दीडशे फुटी पातं डोंगरावर चढवायला रस्ता लागतो. तो रस्ता वळणावर किती रुंद करावा लागत असेल?

तिसरं ठिकाण चाळकेवाडीचं पठार, सातारा. इथं आंदोलनापेक्षा अभ्यासाची गोष्ट सांगायचीय. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पवनचक्क्या असलेला आणि नसलेला असा पठाराचा भाग मोजून बघितला. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले. पवनचक्क्यांच्या भागात घार-ससाण्यासारखे शिकारी पक्षी जवळपास चारपट कमी. आणि शिकारी कमी झाल्यामुळं तिथल्या सरड्यांची संख्या वाढलेली, ते सरडे माणसाला कमी बुजणारे. अन्नसाखळीतली वरची कडी हलली की खालची कशी हलते, हे आपण पुस्तकात वाघ-हरीण काढून शिकवतो. इथं ते घार आणि सरड्यात दिसलं. आमच्या माळावर घारी किती, होले किती, हे कुणी मोजलंय का? शाळेनं मोजायला हरकत नाही.

विचारायचं कुणी?

आता मुद्द्याचं बोलतो. कारखाना, खाण, मोठं धरण किंवा औष्णिक वीज केंद्र यायचं असेल तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार आधी परिणामांचा अभ्यास करावा लागतो आणि बहुतेक वेळा जनसुनावणी घ्यावी लागते. जनसुनावणीत कुणीही उठून बोलू शकतो, ते लिहून घ्यावं लागतं. आणि पवन ऊर्जा? ती या अधिसूचनेच्या यादीतच नाही. शिवाय केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१६ मध्ये उद्योगांची रंगांनुसार वर्गवारी केली, तेव्हा पवन ऊर्जेला 'पांढऱ्या' गटात टाकलं, म्हणजे प्रदूषण जवळपास नसलेला उद्योग.

हेतू चांगला होता. स्वच्छ वीज लवकर यावी, कागदी घोडे नाचू नयेत. पण त्याचा एक परिणाम असा झाला, की ज्या जागी गावानं बसून प्रश्न विचारायचे, ती जागाच उरली नाही. वनजमीन असेल तर वनखात्याची परवानगी लागते, पेसा लागू असलेल्या गावात ग्रामसभेला अधिकार आहेत. आपल्या लातूर-बीडच्या खासगी जमिनीत मात्र एकेक शेतकरी आणि एकेक कागद. शेजारच्याला काय भाव मिळाला हे या शेतकऱ्याला माहीत नसतं, आणि माहीत होऊ नये अशीच व्यवस्था असते. माणसाला घरात विचारलं नाही की तो रस्त्यावर येऊन सांगतो. मुलीच्या मामाचं मला तरी असंच दिसतं.

नियम अगदी नाहीत असंही नाही. केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं ऑक्टोबर २०१६ मध्ये जमिनीवरच्या पवन प्रकल्पांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातल्या दोन पाठ करून ठेवा. एक, आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत पवनचक्की नको. दुसरी, सार्वजनिक रस्ते, रेल्वे, इमारती, उच्चदाबाच्या तारा यांच्यापासूनचं अंतर असं काढायचं : मनोऱ्यावरच्या मध्याची उंची, अधिक पात्यांच्या वर्तुळाचा अर्धा व्यास, अधिक ५ मीटर. मध्याची उंची १२० आणि व्यास १४० असेल तर १२० + ७० + ५ म्हणजे १९५ मीटर. यामागचा विचार सोपा आहे, चक्की आडवी पडलीच तरी रस्त्यावर पडू नये. दोर घेऊन मोजता येईल असं गणित आहे हे. फक्त आपल्याकडं एक पेच असतो. बरीच कुटुंबं गावात नाही, शेतातल्या आखाड्यावर राहतात. तो आखाडा कागदावर 'राहतं घर' धरला गेलाय का, हे आधी विचारावं लागतं.

तारेखालचा शेतकरी

ज्याच्या शेतात पवनचक्की उभी राहते त्याला भाडं किंवा किंमत मिळते. तो सहसा खूष असतो, निदान पहिली काही वर्षं. विरोध जास्त करून त्याच्या शेजाऱ्याचा असतो. कसा ते बघा.

तयार झालेली वीज उपकेंद्रापर्यंत न्यायला तारा लागतात आणि तारांना खांब आणि मनोरे. २२० किलोव्होल्टच्या वाहिनीखाली ३५ मीटर रुंदीचा पट्टा धरतात. त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, उंच झाडं ठेवता येत नाहीत. तुमच्या शेतातून अशी वाहिनी १०० मीटर गेली तर ३५ गुणिले १०० म्हणजे ३,५०० चौरस मीटर, जवळपास ३५ गुंठे झाले. एका एकराला पाच गुंठे कमी! सोयाबीन, हरभरा पेरता येतो, पण आंब्याची बाग लावायचा विचार सोडावा लागतो, आणि उद्या जमीन विकायची म्हटलं तर गिऱ्हाईक तारेकडं बोट दाखवतं. पवनचक्की शेजाऱ्याच्या शेतात, भाडं शेजाऱ्याला, तार मात्र याच्या डोक्यावर.

वीज वाहिनी टाकायला १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातून आलेले अधिकार वापरले जात आले आहेत, विद्युत कायदा २००३ नं ते वीज कंपन्यांना देता येतात. त्यात जमीनमालकाची संमती हा मुख्य मुद्दा नाही, भरपाई हा आहे. म्हणून भरपाईचा दर माहीत असणं फार गरजेचं. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं २०१५ मध्ये मनोऱ्याच्या पायाखालच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के, आणि तारेखालच्या पट्ट्यासाठी जास्तीत जास्त १५ टक्के भरपाई सुचवली होती. जून २०२४ मध्ये हे आकडे २०० टक्के आणि ३० टक्के असे वाढवले. या केंद्राच्या सूचना आहेत, राज्य आपले दर ठरवतं. तुमच्या गटातून जाणाऱ्या वाहिनीला कोणता दर लागू आहे, ते जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा. लेखी उत्तर घेतल्याशिवाय खड्डा खोदू द्यायचा की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी आपला गणिताचा मास्तर.

आणि एक गट आहे ज्याला ना भाडं, ना भरपाई. गायरान कसणारे. १९५९ आणि १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केला, हजारो लोक तुरुंगात गेले, मराठवाडा त्यात पुढं होता. त्यांच्या नातवंडांच्या ताब्यात अजूनही अशा जमिनी आहेत ज्यांच्या सातबाऱ्यावर 'सरकार' लिहिलंय. ऊर्जा प्रकल्पाला जागा हवी असते तेव्हा सरकारी जमीन सगळ्यात आधी मोकळी दिसते. साक्रीत झालं ते इथं होऊ शकतं, फक्त जंगलाऐवजी गायरान.

पैसा किती, आणि तो कुणाकडं जातो

समजा २.१ मेगावॉटची एक पवनचक्की आहे. वर्षाचे तास ८,७६०. वारा सतत नसतो, म्हणून ती सरासरी ३० टक्के क्षमतेनं चालते असं धरू. २,१०० गुणिले ८,७६० गुणिले ०.३०, उत्तर ५५ लाख युनिटच्या वर येतं. युनिटला ३ रुपये धरले तर वर्षाला सुमारे १ कोटी ६५ लाख. हा नफा नव्हे बरं का. यंत्राची किंमत, कर्जाचं व्याज, देखभाल सगळं यातून जातं. तरी तुमच्या करारातली वर्षाची रक्कम या आकड्याशेजारी लिहून बघा. टक्केवारी काढा. पाचवीच्या पोरालाही जमेल.

एवढा पैसा एखाद्या तालुक्यात उतरतो आणि कागद धूसर असतात, तेव्हा मधली माणसं तयार होतात. जमीन मिळवून देणारे, आंदोलन मिटवून देणारे, सुरक्षेचं गुत्तं घेणारे. २०२४-२५ मध्ये धाराशिव-बीडकडच्या शेतकऱ्यांच्या तक्रारी वर्तमानपत्रांत येत राहिल्या : मोबदला अर्धाच दिला, न विचारता शेतातून रस्ता काढला, बोललं तर दमदाटी झाली. आणि ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. पवनचक्की प्रकल्पाच्या कंपनीकडं २ कोटींची खंडणी मागण्यात आली आणि त्या वादातून हा खून झाला, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. खटला न्यायालयात आहे, त्यावर आपण निकाल देऊ नये. देशमुख हे पवनचक्कीचे विरोधक नव्हते. पण गावाच्या बाजूनं मध्ये उभं राहणाऱ्या माणसाला काय किंमत मोजावी लागू शकते, हे त्या दिवसापासून आपल्या भागातल्या प्रत्येक सरपंचाला ठाऊक आहे. 'पैशाचा काहीतरी वाद असेल' असं मी वर्गात बोललो, त्याची लाज वाटते ती यामुळं.

बाहेरच्या देशात काय होतं?

विरोध फक्त आपल्याकडं होतो असं समजू नका. नॉर्वेत फोसेन नावाच्या भागात मोठा पवन प्रकल्प झाला. तिथं सामी नावाचे लोक रेनडिअर पाळतात. पवनचक्क्यांमुळं हिवाळी कुरणं गेली म्हणून ते कोर्टात गेले आणि ११ ऑक्टोबर २०२१ ला नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला : परवाने सामींच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग करणारे आहेत. तरी पाती फिरतच राहिली. निकालाला ५०० दिवस झाल्यावर, २०२३ मध्ये, तरुण सामी मंत्रालयात जाऊन बसले. पर्यावरणासाठी लढणारी ग्रेटा थुनबर्गही त्यांच्यासोबत बसली. पुढं सरकारशी तडजोड झाली. पवन ऊर्जा हवी म्हणणारेच पवन प्रकल्पाविरुद्ध बसले, यात विसंगती आहे असं मला वाटत नाही.

उलट बाजू डेन्मार्कची. तिथल्या साम्सो बेटावर जमिनीवरच्या ११ पवनचक्क्या २००० साली उभ्या राहिल्या, त्या बहुतेक स्थानिक शेतकऱ्यांच्या आणि सहकारी गटांच्या मालकीच्या. पुढं डेन्मार्कनं काही वर्षं कायदाच केला होता, की नव्या पवन प्रकल्पातले निदान २० टक्के शेअर आधी आसपासच्या रहिवाशांना देऊ करायचे. शेअर म्हणजे काय हे आपल्या तालुक्यातल्या रेणा साखर कारखान्याच्या सभासदाला समजावून सांगायची गरज नाही. ऊस घालणारा मालक होऊ शकतो, तर वारा ज्याच्या शेतावरून जातो तो का नाही? हा प्रश्न मी एकदा एका बैठकीत विचारला, तेव्हा कंपनीचा माणूस नुसताच हसला.

कागद वाचताना

माझ्या एका चुलत भावानं दोन एकरांचा करार केला. कंपनीचं नाव सांगत नाही. करार इंग्रजीत, वीसेक पानांचा. तो म्हणाला, "सही करायची तिथं खुणा केल्या होत्या, तेवढ्या केल्या." त्याच्याजवळ प्रतही नव्हती. मग दुय्यम निबंधक कार्यालयातून इंडेक्स टू आणि नोंदणी झालेल्या दस्ताची नक्कल काढली, आणि एका रविवारी आम्ही ती वाचत बसलो. मुदत ३० वर्षं. त्याचा मुलगा आता सहावीत आहे, म्हणजे करार संपेल तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला असेल. भाडं किती वर्षांनी किती वाढणार याची ओळ सापडली, पण वाढ नगण्य. कंपनी हा करार न विचारता दुसऱ्या कंपनीला देऊ शकते, हे होतं. वाद झाला तर लवाद कुठं बसणार? एका दूरच्या महानगरात. आणि मुदत संपल्यावर जमिनीत गाडलेला काँक्रीटचा तो प्रचंड पाया कोण काढणार, याविषयी एक शब्द नव्हता.

एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असावा लागतो. नुसत्या बाँडवर नोटरी करून दिला असेल तर सावध व्हा. नोंदणीनंतर सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात काय चढलं ते तलाठ्याकडं बघा, कारण पुढच्या वर्षी पीककर्ज मागायला गेल्यावर बँक तोच रकाना बघणार आहे. कराराचं मराठी भाषांतर मागायला लाजू नका. आणि शक्य असेल तर एकट्यानं सही करू नका. एका शिवारातले दहा शेतकरी एकाच दिवशी, एकच मसुदा घेऊन बसले तर बोलणी वेगळी होतात. ग्रामसभेत विषय घ्या, रस्ता कोण दुरुस्त करणार, ग्रामपंचायतीला कर किती, पात्यांची वाहतूक कोणत्या वेळी, हे ठरावात लिहून घ्या.

त्या मुलीला मी दुसऱ्या आठवड्यात फळ्यापाशी बोलावलं. 'प्रदूषण होत नाही' या वाक्यापुढं काय लिहावं असं विचारलं. तिनं खडू घेतला, थोडा विचार केला आणि लिहिलं, 'पण जागा लागते'. मी ते पुसलं नाही.

स्वाध्याय

१. मनोऱ्यावरच्या मध्याची उंची १३० मीटर आणि पात्यांच्या वर्तुळाचा व्यास १५० मीटर असेल, तर सार्वजनिक रस्त्यापासून किती अंतर सोडावं लागेल?

२. वाऱ्याचा वेग सेकंदाला ५ मीटरवरून १० मीटर झाला तर शक्ती किती पट होईल? कारण लिहा.

३. पानगाव, खरोळा, कारेपूर किंवा तुमच्या गावाच्या शिवारात तासभर बसून दिसलेल्या शिकारी पक्ष्यांची नोंद करा. तारीख, वेळ, वारा कोणत्या दिशेचा, हे लिहायला विसरू नका. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा बसायचं आहे.

४. ज्यांच्या घरी पवनचक्कीचा किंवा तारेचा कागद आला असेल, त्यांनी पालकांना विचारून त्याची झेरॉक्स आणावी. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तासभर थांबतो. मी वकील नाही, पण इंग्रजी वाचून मराठीत सांगता येईल.